हेलन बोलत नाही

सोम., ६ ऑक्टो.
कॅरीतल्या घरून ऑफिस वीस मिनिटं, आज चाळीस लागली. हेलनचा प्रोबेशन रिव्ह्यू आमच्या मॅनेजरला, डेब्राला, पाठवून टाकला एकदाचा. टीम लीड म्हणून मीच लिहायचा होता. लिहिलं: काम नीट, पण मीटिंगमध्ये मूग गिळून बसते, पुढाकार नाही. ठेवायचं की नाही, ते डेब्रा ३१ला ठरवणार. खोटं काय लिहिलं मी? इंग्लंडहून येऊन तीन महिने झाले, गुड मॉर्निंगपलीकडे... असो.

गुरु., ९
नव्या सिस्टिमची मीटिंग मस्त रंगली. डेब्रा न्यूयॉर्कची. ती माझं वाक्य अर्ध्यात उचलते, मी तिचं. नागपूरला रविवारी जेवताना चार मावश्या एकदम बोलायच्या, तसंच. गप्प बसेल त्याला "बरं नाही का रे?" विचारायच्या. शेवटी हेलन म्हणाली, "मीच चुकत असेन कदाचित, पण जुने रेकॉर्ड्स आणखी एकदा बघावेत का, असं वाटलं." मी "ग्रेट पॉइंट!" म्हटलं न् पुढे गेले.

रवि., १२
काल नवी सिस्टिम चालू केली न् जुन्या रेकॉर्ड्सनीच घात केला. सगळ्या तारखा उलट्यापालट्या. दोन दिवस ऑफिसात बसून पूर्ववत केलं. हेलन म्हणाली होती नेमकं तेच! ती मात्र "बघा, सांगितलं होतं" असं चुकूनही म्हणाली नाही. कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं वाटलं.

मंगळ., १४
हेलनला कॉफीला नेलं. सरळ विचारलं, ठासून का नाही सांगितलंस? ती थक्क. "ठासूनच तर सांगितलं. सगळ्यांसमोर!" मग हळूच, "तुम्हा दोघींचं संपेल म्हणून मी थांबते. संपतच नाही." त्यांच्या घरी कुणाचं बोलणं तोडलं की वडील जेवण थांबवून माफी मागायला लावायचे. अगं बाई! मी आपलंच घोडं दामटत होते आणि ही बिचारी तीन महिने वाट बघत होती. रिव्ह्यूचं सांगायची हिंमत झाली नाही. लाज वाटते.

गुरु., १६
डेब्राला म्हटलं, रिव्ह्यू बदलायचाय. ती म्हणे, "मग ओरडायचं की तिनं! मला कुणी मध्येच तोडलं तर बरं वाटतं. लक्ष आहे म्हणून तोडतात." मलाही हेच पटतं, हीच तर पंचाईत. नवा लिही म्हणाली, पण पहिला फाइलमध्ये राहणारच. घरी समीरला सांगितलं तर नवरोबा म्हणतात, "बघायला आलो तेव्हा मला तरी कुठे बोलू दिलंस?" हसले. मग रडूही आलं.

सोम., २०
मीटिंगमध्ये तोंडाला कुलूप घालून बसले. उपयोग शून्य, रिकामी जागा डेब्रानं भरली. शेवटी "एक मिनिट, हेलनला बोलायचंय" म्हणत डेब्रालाच तोडलं. हेलन लालबुंद. पण बोलली! चार मिनिटं, मुद्देसूद. डेब्रा लिहून घेत होती. काय लिहीत होती देव जाणे.

शुक्र., २४
हेलनला सगळं सांगितलं. पहिला रिव्ह्यू, माझ्या शब्दांसकट. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाली, "सांगितलंस, फार बरं केलंस." मनापासून म्हणाली की मनाचं दार लावून घेतलं, कळेना. अकरा वर्षं झाली या देशात, तरी कळेना. तिनं कप धुऊन ठेवला. मग म्हणाली, मुलीला शाळेच्या बँडमध्ये जायचंय, नाव द्यायची शेवटची तारीख सोमवार. वर्षभराचं असतं. "देऊ का नाव?"
आणि थांबली. मी बोलेन म्हणून.
सोमवार म्हणजे २७, आणि नोकरी राहते की नाही ते डेब्रा ३१ला ठरवणार. ती थांबूनच राहिली.