तिसऱ्यांदा 'हो'

रवि., ८ जून
निखिल-इरा सर्जापूर रोडहून जेवायला. सूनबाई नेहमीसारखी हसतमुख. शेवयांच्या खिरीला आधी 'नको, नको', मग वाटी पुढे. लाजते. पुढच्या खेपेस जास्त करावी.

सोम., ९ जून
निखिलचा फोन. आता रविवारी येणं जमणार नाही म्हणे. इरा दर सोमवारी उठूच शकत नाही, आज परत रजा.
"माझ्या जेवणानं?"
"माणसांनी, आई. ती ऑटिस्टिक आहे. तिनंच आज सांग म्हटलं."
हसते, गप्पा मारते, मग कसली ऑटिस्टिक? तर म्हणाला, "ते सगळं ती करून दाखवते."
करून दाखवते! माझ्या घरात! राग आला. कुणाचा, ते अजून...

शनि., १४ जून
विचारून गेले. इरानं हसत दार उघडलं. म्हटलं, "हसू नकोस. मी तरी कुठे हसतेय?" तिचा चेहरा एकदम सैल पडला. लग्नानंतर प्रथमच खरा पाहिला. चांगला आहे.
मग सरळ बोलली. "तुमच्यात दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा हो. लग्नात बघून पाठ केलं."
"आणि खीर?"
"शेवया जिभेवर वळवळतात. न चावता गिळते."
तिला आवडते म्हणून दर रविवारी खीर! मला स्वतःला आवडत नाही. हे सांगितल्यावर मोठ्यानं हसली. हे हसू निराळं, भसाडं.
ठरलं: आमच्या घरी एकदा विचारायचं, एकदाच उत्तर.
निघताना म्हणाली, "तुम्ही रागावलात की लगेच कळतं. बाकीच्यांचं ओळखत बसावं लागतं." माझ्या तोंडाची तारीफ आजवर कुणी केली नव्हती.

रवि., २९ जून
आली! धाकटी बहीण कुमुदही जेवायला. तिला यातलं काही ठाऊक नाही, आणि खीर घेऊन आलेली.
"घे गं इरा, स्वल्प, थोडीशीच."
"नको."
"अगं, माझ्यासाठी!"
मी तोंड उघडणार, तोच इरा: "नको, मावशी. मला शेवया आवडत नाहीत." हसू नाही, काही नाही.
कुमुद म्हणते, "अक्का, सून बघ तुझी!"
"बघितली. नको म्हणाली. सरी, ठीक आहे, पुढे वाढ."
तेवढ्यात ह्यांनी वाटीवर हात ठेवला. "मलाही नको." इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! निखिलला हसून ठसका. कुमुद फुगली. फुगू दे.
इरा जेवून बाल्कनीत एकटी बसली. कुणी बोलवायला गेलं नाही. मी जाऊच दिलं नाही.

सोम., ३० जून
निखिलचा मेसेज: इरा ऑफिसला निघाली, बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकला शिव्या घालतेय. वा! दुपारी स्वतःसाठी जादा कॉफी केली.

शुक्र., ४ जुलै
फोन केला. "रविवारी येतेस?"
"नको, आई."
जिभेवर आलेलं 'अगं, पण' गिळलं. न चावता. नियम माझाच.
ठेवत होते, तर म्हणाली, "पुढच्या रविवारचं विचारा."
विचारीन. एकदाच.