देवमाशाच्या पानावर गणपती

रविवार, एकादशी

गेल्या आठवड्यात आलेलं: उत्तर ध्रुवाकडच्या देवमाशांचं चित्रांचं पुस्तक, तीनशे चाळीस. टपालखर्च पंचेचाळीस. देवळातल्या मुलांच्या वर्गासाठी, माझ्या पदरचे.

आज वर्गात उघडलं तर अठराव्या पानावर गणपती! कॅलेंडरातून कापून डिंकाने चिकटवलेला. त्याच्याखाली झाकलेलं चित्र होतं ते बर्फावरच्या मेलेल्या देवमाशाचं. अख्खं गाव त्याचे वाटे करतंय. मागच्या रविवारी वर्गातल्या सईने विचारलं होतं, "काकू, तिथे काहीच पिकत नाही, मग माणसं खातात काय?" पुढच्या वेळी दाखवते म्हटलं होतं मी.

देवळाचे विश्वस्त अप्पा म्हणाले, "मीच चिकटवला. अहो, देवळात मांसाचं चित्र? आपण तर एकादशी करता!"

"मी करते. त्या लोकांनी कशाला करायची?"

हसले. "मग काढा की गणपती फाडून."

हेच. देवाला मी नख लावणार नाही, हे पक्कं ठाऊक त्यांना. माझ्याच भक्तीचं कुलूप मला घातलं! दोनदा कडेला नख नेलं, दोनदा हात जोडले. शेवटी सईला तोंडीच सांगितलं. तर म्हणते, "मग झाकलं का? त्यांनी पाप केलं का?"

काय सांगू? पुस्तक मिटून ठेवलं. त्याचाच संताप जास्त.

प्रकाशकांना कार्ड लिहिलं, त्याची नक्कल:

"देवमाशांच्या पुस्तकाची दुसरी प्रत परवडणार नाही. अठरावे पान सुटे मिळेल काय? जसे छापले तसेच हवे. एका मुलीला उत्तर द्यायचे राहिले आहे. उलट टपाली कळवावे."