विल्यम काउईचा नंबर

पोर्टनेस, २ ऑक्टोबर १९२७

चि. आयसीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. मोठ्या घरची स्वयंपाकीण झालीस, तेव्हा हेरिंग मासळीचा वास विसरली असशील! यंदा जाळी बरी भरली. मासे चिरून चिरून माझी बोटं चिंध्यांत गुंडाळलेली आहेत.

एक काम कर बाई. घरच्या थडग्यावर लढाईत गेलेल्या आपल्या भावाचं, विलीचं नाव कोरायचं मी ठरवलंय. दहा वर्षं झाली, आता पुरे. एडिंबरोच्या किल्ल्यात नवं युद्धस्मारक झालंय, तिथे मेलेल्यांच्या नावांच्या वह्या आहेत म्हणे. तारीख बघून कळव. गावात विल्यम काउई ढिगाने, आणि सरकारला आपला कॉस्टी काय नि शेजारचा बॉबिन काय, टोपणनावं कुठली कळायला! म्हणून त्याचा पलटणीतला शिपाई-नंबर ताडून बघ. विलीच्या शेवटच्या पत्रावर २६६ आहे.

आईला सांगितलं तर ती ताडकन उठली. आयसीला तिथे पाठवू नकोस म्हणाली. का, ते सांगत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ॲनीताई

एडिंबरो, ९ ऑक्टोबर

ति. ताईस,
आयसीचा वाकून नमस्कार. काल गेले होते. किल्ल्यावर वारा असा, की टोपी हातात धरून चढले. आत मात्र चिडीचूप. दगडी कट्ट्यावर लाल वह्या, लोक पानं उलटतात तेवढाच आवाज.

ताई, वहीत पोर्टनेसचा विल्यम काउई एकच आहे. नंबर २६६ नाही, ४१७ आहे. मी चारदा वाचला. वाचताना मागे कुणीतरी श्वास घेत होतं, अगदी मानेशी. वळले तर कुणी नाही. वही मिटवेना माझ्याच्याने.

तिथला राखणदार, जुना शिपाई, माझी बोली ऐकून म्हणाला की ऑगस्टात अशीच बोलणारी एक बाई आली होती. तिच्या करंगळीचं पेर तुटलेलं. याच नंबरावर तळवा ठेवून उभी राहिली, आणि शाई खरवडून निघेल का, असं त्याला विचारलं.

करंगळी तुटलेली जेसीच ना गं? शेजारच्या विली बॉबिनची बायको? मेल्याच्या तारेत नुसतं विल्यम काउई होतं, पोस्टमास्तरांनी अंदाजाने आपल्या दारात दिली. मग इस्पितळातून जबडा उडालेला, वाचा गेलेला विल्यम आला. आपला तर मेलेला, म्हणजे हा बॉबिनच, असं अख्ख्या गावाने ठरवून टाकलं. ताई, जेसीकडे दहा वर्षं जेवतोय तो कोण आहे? आईला आत्ताच काही बोलू नकोस.

तुझ्या मायेवरच इथे दिवस काढते.
आयसी

पोर्टनेस, १६ ऑक्टोबर

चि. आयसीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्या दुपारी जेसीकडचा तो भिंतीशी जाळं विणत बसला होता. मला राहवलं नाही. जवळ जाऊन हळूच विली कॉस्टी म्हटलं. त्याचे हात थांबले. मान वर करून बघत राहिला माझ्याकडे.

तेवढ्यात मागून आईने माझा दंड असा आवळला, की वळ उठलेत. घरात ओढत आणून म्हणाली, हा आपला विली, मला पहिल्याच दिवसापासून ठाऊक आहे. तो आला तेव्हा आधी आपल्याच दाराशी थांबला होता. जेसी तीन पोरं घेऊन धावत आली, त्याचा हात धरला, आणि तो निमूट गेला. आई म्हणाली, मी विधवा आहेच, तिला कशाला करू? माझं पोर एका भिंतीपलीकडे जेवतंय, मला दिसतंय, बास.

मी खूप भांडले. दहा वर्षं मी उशीत तोंड खुपसून रडले, ते काय उगाच?

पण आयसी, मी हाक मारायला नको होती. त्या दिवसापासून तो रोज येऊन आपल्या दाराबाहेर उभा राहतो. दार वाजवत नाही. जेसी येते, हात धरून नेते. आज मात्र तो जाईना. ती ओढतेय, पोरं बाबा बाबा करून रडताहेत, तो हलत नाही.

हे लिहितेय तेव्हाही तो तिथेच आहे. मी उघडायला गेले, तर आई मध्ये उभी. तिने आतून कडी घातलीय आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलीय.

आम्हा सगळ्यांवर जीव राहू दे.
ताई