तिला मुंगी दिसली

प्रिय शेजारीण,

दवाखान्यातल्या आपल्या खाटा शेजारी होत्या, तेव्हापासून हेच नाव तोंडात बसलंय. तुझे फोन मी उचलले नाहीत. मोबाईल बिघडला होता असं लिहिणार होते, पण तुला ते पटलं नसतं.

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. तुझी छकुली फरशीवरच्या मुंगीमागे रांगत होती, जाड भिंगांचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि तू मागून हसत होतीस. माझ्या पोटात असं दुखलं, की फोन पालथा ठेवला आणि चहात साखर जास्त झाली म्हणून ह्यांच्याशी भांडले.

तुझी छकुली आणि माझं बाळ, दोघांचेही डोळे जन्मतः बारीक, दोघांनाही मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंनी आपल्याला एकत्रच समजावलं होतं. एवढ्याशा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवता येत नाही. मोतीबिंदू काढायचा, चष्मा लावायचा, आणि पुढे डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते. तू रडलीस. "होईल गं सगळं नीट," असं मीच तुला म्हणाले. तुझं झालं.

तुझी चष्मा ओढून फेकायची, माझा शहाण्यासारखा घालून बसायचा. थेंब घालायला मी कधी चुकले नाही. तू तर एकदा बाटलीच घरी विसरून आलीस. भांडी घासताना माझ्या डोक्यात हेच चालू असतं. सासूबाई म्हणतात, लेकरांच्या नशिबाची बरोबरी करू नये. कळतं गं, पण वळत नाही.

मध्यंतरी बाळाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उजेड आला की माझ्या कुशीत तोंड लपवायचा. दाब वाढलाय. डाव्या डोळ्याची आशा सोडा, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. उजवा वाचवायला सोमवारी पुन्हा शस्त्रक्रिया आहे.

हे रजा काढून येतायत, सासूबाईही येतील. सगळे मला धीर देतील आणि मला तो आल्यासारखं दाखवावं लागेल. तुझ्यापुढे तसं करावं लागणार नाही. म्हणून तू ये. छकुलीलाही आण. तिला पाहून मी जळेन, ते मनावर घेऊ नकोस. बाळ शस्त्रक्रियेसाठी आत असेल तेव्हा तिला माझ्या मांडीवर दे. ती काय काय बघते, ते मला जवळून बघायचंय. एक डोळा वाचला तर माझ्या पोराला काय दिसेल, ते मला कळू दे.

तुझीच,
आणि तुझ्यावर जळणारीही