कोकरांवरचं पांघरूण

माकणी, १२ डिसेंबर २०२४

चि. वर्षाराणीस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

इकडं सर्व ठीक. तुझी आई गेल्यापासून मीच भाकरी थापतो. गोल होत नाही, पण नावं ठेवायला घरात आहे कोण? कान पार गेल्यामुळं फोनचा उपयोग न्हाय, म्हणून पत्र.

आभाळ कोरं आहे आणि गारठा लई. मागं ढग होते तेव्हा रात्री बऱ्या होत्या. दिवसभर एवढं ऊन पडून रात्री थंडी का, ते तू ग्रहांवरची हवा शिकतेस तर सांग. नव्या कोकरांची काळजी वाटते. सुट्टीत यायचं मनात आणू नकोस, अभ्यास कर.

माया आहेच, तुझीही असू दे.
अप्पा

पुणे, १८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप अप्पांना शि. सा. नमस्कार.

जमीन दिवसा तापते आणि रात्री ती ऊब आभाळाकडं सोडते. हवेतली वाफ आणि काही वायू त्यातली थोडी अडवून खाली परत धाडतात. ढग असले की जास्तच. चंद्रावर हवाच नाही, म्हणून तिथली रात्र भयंकर थंड. शुक्रावर उलटं. तिथली दाट हवा उष्णता सहज सुटूच देत नाही, शिसंसुद्धा वितळेल. मी शुक्राचाच अभ्यास करते. तुमची लेक तापट का, ते आता कळलं ना?

कोकरांवर काहीतरी झाका. अप्पा, तुम्हाला एकटं वाटतं का? सरांनी सुट्टीतही काम दिलंय, पण तुम्ही ये म्हणालात तर लगेच निघते. खरं कळवा.

तुमच्या पायांशी जागा असावी.
वर्षा

माकणी, २७ डिसेंबर २०२४

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

कोकरं ठेवतो त्या डालग्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकला, कडेनं दगड ठेवले. रात्र उबेत गेली. सकाळी मेंढरं घेऊन महालिंगप्पाच्या रानात गेलो आणि कागद काढायचा राहिला. ऊन चढलं, आत भट्टी झाली. परत आलो तर दोन कोकरं धापा टाकत होती, एक गेलं होतं.

शेजारच्या मल्लम्मानं हातवारे करून सांगितलं, की ते लई ओरडत होतं. मी मागं गोठ्यातच आहे असं तिला वाटलं. खरं तर जाताना मी डालग्याजवळूनच गेलो. तेव्हाही ओरडत असेल, मला काय कळणार?

दोष तुझा नाही, पोरी. तू खरं कळवा म्हणालीस. तू ये. कोकरांसाठी नको, थंडीसाठी नको. मला एकटं वाटतं.

वाट बघणारा,
अप्पा