पुढे ओढलेली सीट

४ फेब्रुवारी

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीक असेल असं लिहायची पद्धत आहे, पण रविवारी मी स्वतः येऊन पाहून गेले, त्यामुळे ते लिहिता येत नाही. फोनवर अडचणीचं विचारलं की तू हां-हूं करतोस आणि फोन आईच्या हातात देतोस. म्हणून हे पत्र.

बाबांच्या माघारी गाडी आपल्या दोघांच्या नावावर झाली, तेव्हा काय ठरलं होतं? गाडी तुझ्या दारात राहील, विमा-दुरुस्ती निम्मी-निम्मी. तू आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं आणि महिन्यातून एकदा घाऊक बाजारातून दोन्ही घरांचं वाणसामान भरून माझा वाटा पार्सलने पाठवायचा. तीन वर्षं बिनबोभाट चाललं. पण गेले सहा महिने तेल महाग, साखर महाग आणि डाळीचं तर नाव काढू नये. अरे, मी वसतिगृहाचं कोठीघर सांभाळते. घाऊकचे भाव मला झोपेतून उठवून विचार. हे भाव तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानाचे आहेत. मग फरक कुणाच्या खिशात जातो? वर यंदा विम्याचा तुझा वाटाही मीच भरावा, तू मागाहून देशील, असं तू म्हणालास. का, ते सांगितलं नाहीस.

आणि ती सीट. आईला जरा फिरवून आणावं म्हणून ह्यांनी गाडी काढायला घेतली, तर ह्यांचे गुडघे थेट स्टिअरिंगला टेकले. सीट पार पुढे ओढलेली आणि पाठीला उशी. तू ताडमाड उंच. तुझ्या बाईसाहेब तर शेजारच्या सीटवरही डोळे घट्ट मिटून बसतात. मग हा बुटका ड्रायव्हर कोण? तू गाडी भाड्याने देतोस का? आईला विचारलं, तर ती म्हणाली, चहा घे. आई चहावर घसरली म्हणजे काहीतरी नक्की शिजतंय, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

सरळ उत्तर पाठव. माया आहे तशीच आहे, विश्वासाचं तेवढं तू बघ.
तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचताना दोनदा उठून दार लावून घेतलं, न जाणो मागोमाग झडतीही यायची. कोठीघरात बसून तुझा पार फौजदार झालाय. तुझ्याकडच्या उंदरांनाही जबानी द्यावी लागत असेल.

घाऊक बाजार लांब, रस्त्यावर गर्दी, पेट्रोल हे असं. दोन पैसे वाचवायला चार पैसे जाळायचे, म्हणून कोपऱ्यावरून घेतो. सीट गाडी धुणाऱ्याने सरकवली असेल. आईचा दवाखाना एकदाही चुकलेला नाही, हे तिच्या डॉक्टरांना विचार. विम्याचे पैसे मात्र खरंच मागाहून देईन. सध्या ओढाताण आहे.

आता माझा एक प्रश्न. त्या दिवशी जाताना भाऊजींनी गाडी चालवली, येताना तू. तुम्ही गेल्यावर पाहिलं, तर डावीकडची दोन्ही दारं खरवडलेली. फाटकाच्या खांबाला रंग लागलाय. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी तिथेच बसलो. मी भांडत नाही, फक्त विचारतो, तुला ते कळलं कसं नाही? आणि आई म्हणत होती, तुझ्या डाव्या दंडावर मोठा काळा-निळा डाग होता. तो कशाने झाला?

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
तुझा लंबू

१६ फेब्रुवारी

चि. लंबूस,
आशीर्वाद, पण या खेपेला मोजून.

चोर तो चोर, वर शिरजोर! मी सीटचं विचारलं तर तू दारांचं काढलंस. मी आले तेव्हा फाटक सताड उघडं होतं. तुमच्या शेजाऱ्याने ते मागून लोटलं असणार. त्याचा चेहराच तसला आहे. की ओरखडा आधीचाच आहे आणि गॅरेजवाल्याशी तुझं काही ठरलंय?

डागाचं विचारलंस म्हणून सांगते. आमचा आचारी माझ्या वाईटावर आहे. साखरेची चोरी मी पकडली तेव्हापासून तो मुद्दाम तेलाचे डबे, पिंपं, स्टुलं माझ्या डाव्या हाताला आणून ठेवतो, आवाजसुद्धा न करता. वळले की आपटलेच. गेल्या आठवड्यात माझा चहाचा पेला असाच पडला. रस्त्यावर तीच तऱ्हा. सायकलवाले डावीकडून अंगावर येतात आणि वर मलाच विचारतात, बाई, दिसत नाही का? मी आचाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार केली आहे. अधीक्षक म्हणाले, त्याला महिनाअखेर काढून टाकू. तुझ्यासारखं मला गप्प बसता येत नाही.

आता शेवटचं. आमच्या हिशेबनिसाला गाडी हवी आहे. ठीक भाव देतोय. २८ तारखेला कागद घेऊन ये, सही कर, निम्मे पैसे घे. आई भाड्याच्या गाडीने दवाखान्यात जाईल. जी गाडी कोण चालवतं ते मला कुणी सांगत नाही, तिचा विमा मी भरणार नाही.

ह्यांनी आशीर्वाद कळवले आहेत. माझे वर लिहिलेत तेवढेच.
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडी तुझी ही भावजय चालवते. डोळे मिटून बसणारीच. पाच महिने शिकली, रडत शिकली, आणि आता आईला दवाखान्यात तीच नेते. घाऊक बाजाराच्या गर्दीत घुसायचा धीर अजून तिला होत नाही, म्हणून कोपऱ्यावरचं दुकान. धुणाऱ्याचं खोटं होतं.

मी चालवत नाही, कारण मला कडेचं दिसत नाही. काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसतं. कारखान्यात शिलाई यंत्राच्या सुईतला दोष मी अजूनही एका नजरेत काढतो, म्हणून कुणाला पत्ता नाही आणि लागूही द्यायचा नव्हता. साहेबांना कळलं तर यंत्रांजवळ उभं करणार नाहीत, अशी भीती वाटली. आईला शपथ घातली. रोज डोळ्यांत थेंब घालायचे, आयुष्यभर. ती बाटली स्वस्त नाही. विम्याचा वाटा तिथे गेला.

हे मी तुला कळवणार नव्हतो. तू हळहळशील, मग सगळ्या नात्यात बोभाटा होईल, याची लाज वाटत होती. पण तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ताई, आचारी काही करत नाहीये. शेजाऱ्याने फाटक लोटलं नाही. मागच्या वर्षी मीही कारखान्यातल्या हमालाशी भांडलो होतो, तो माझ्या वाटेत गाड्या लावतो म्हणून. कडेचं गेलेलं असतं तिथे अंधार दिसत नाही गं. काहीच नाही असं वाटतं. बाबा शेवटी शेवटी दारांना धडकायचे आणि आपण म्हातारपण म्हणायचो, आठव.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे घराण्यात असतं, सख्ख्या भावंडांनी ताबडतोब तपासून घ्यावं. मी गप्प राहिलो. मला क्षमा कर किंवा करू नकोस, पण उद्याच्या उद्या जा. रस्ता ओलांडताना भाऊजींचा हात धर. गाडी विकायची तर विक, मी सही करीन.
तुझा लंबू

२७ फेब्रुवारी

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद, पुरते.

तुझं पत्र आल्यावर आधी मला वाटलं, गाडी वाचवायला तू ही नवी युक्ती काढलीस. असा माझा स्वभाव. ह्यांनी मात्र पत्र दोनदा वाचलं. जेवताना ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलून माझ्या डावीकडे ठेवला आणि पाणी दे म्हणाले. मी म्हटलं, तांब्या आणा तर आधी. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो.

तिथे एका यंत्रात तोंड घालून बसवतात. आत पांढरं, मधे एक ठिपका. त्याच्याकडेच बघायचं आणि आजूबाजूला बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी दिवे दिसले, मी दाबत गेले. डावा डोळा आला आणि बराच वेळ काहीच होईना. मी वाट पाहिली. मग त्या मुलीला म्हटलं, अगं, तुझं यंत्र बंद पडलंय, उगाच फी घेऊ नका. ती फार हळू आवाजात म्हणाली, मावशी, यंत्र चालू आहे.

लंबू, डाव्या डोळ्याचं बरंच गेलं आहे आणि गेलेलं परत येत नाही. उजवा पुष्कळ शिल्लक आहे. तो थेंबांनी सांभाळता येईल, असं डॉक्टर म्हणाले. सहा महिने आधी आले असते तर डावाही आणखी थोडा राहिला असता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, कदाचित. तुझ्यावर मी फार रागावले आहे. तू खोटं बोललास म्हणून नाही, सगळेच बोलतात. स्वतःच्या अब्रूपायी तू माझे डोळे टांगणीला लावलेस. हा राग लवकर जाणार नाही आणि तू तो घालवायची घाई करू नकोस.

आचाऱ्याची तक्रार मी मागे घेतली. अधीक्षकांसमोर त्याला का ते सांगितलं. हिशेबनिसाला गाडी मिळणार नाही म्हणून कळवलं. विम्याचे पूर्ण पैसे भरले आहेत. तुझा वाटा परत करू नकोस, औषधाला ठेव. दारांचं सगळं बिल माझं.

पुढच्या तपासणीला मला तीन महिन्यांनी बोलावलंय. तुझ्या बायकोला सांग, मला न्यायला तिने यावं. लांबचा रस्ता आहे, तिला भीती वाटेल. मी शेजारी बसेन. मलाही वाटेल, पण मी डोळे मिटणार नाही. आहेत तोवर उघडे ठेवायचं ठरवलंय.

आईला सांग, आता चहा नको, खरं काय ते बोल.
रागासकट तुझीच,
ताई