अण्णाची बाजू

४ एप्रिल
संध्याकाळी नल्लकुंट्याला, अण्णाकडे मॅच. शेजारचा यादगिरी आधीच येऊन बसलेला. तीन ओव्हरांत दोन विकेट. मी म्हटलं, संपलं. अण्णा म्हणाला, अजून सतरा ओव्हर आहेत. तीस वर्षं हेच. जिंकलो की तो मला हसतो. हरलो की मी गप्प. तेच त्याला जास्त लागतं.
हरलो.

७ एप्रिल
वहिनीचा फोन. अण्णाच्या मानेत गाठ. तुकडा तपासायला पाठवलाय. रिपोर्ट आठ दिवसांनी.
मॅचच्या दिवशी त्याच्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं होतं. एवढ्या उन्हाळ्यात. मी स्कोअर बघत होतो.

९ एप्रिल
गेलो. अण्णाने विचारलं, तुला काय वाटतं. वाक्य रस्त्यातच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "काही निघणार नाही. बघ तू."
तो बघत राहिला. मग म्हणाला, "हिने तुला काय सांगितलंय?"
काही नाही, म्हटलं. खरंच काही नाही.
"जन्मात कधी असं बोललास का रे?"
वहिनी गोंगुऱ्याची भाजी निवडत होती. तिचाही हात थांबला.

१० एप्रिल
वहिनी सांगत होती, रात्री जेवला नाही. काय लपवताय, एवढंच विचारत राहिला. डॉक्टरांनाही फोन केला.
"गेलास तू आता," म्हटलं असतं तर हसला असता. जेवला असता.

१२ एप्रिल
मॅच. ठरवून गेलो, नेहमीसारखं बोलायचं. पहिल्याच विकेटला म्हटलं, संपलं.
अण्णा म्हणाला, हो.
यादगिरीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "दोनों भाई एकीच बात बोलरैं. अब मैं किसकी सुनूं?"
दहाव्या ओव्हरला अण्णा उठून आत गेला. शेवटच्या चेंडूवर जिंकलो. यादगिरी ओरडला नाही. टीव्ही बंद करून गेला.

१४ एप्रिल
उद्या रिपोर्ट. आबिड्सच्या लॅबमधून मी आणायचा, हे अण्णानेच ठरवलं. फोनवर: "पाकीट उघडायचं नाही. आणि येताना तोंड नेहमीचं ठेव."

१५ एप्रिल
आणलं. न उघडता. वरचं त्याचं नाव चुकीचं टाइप झालेलं. क्षणभर बरं वाटलं.
अण्णा दारातच उभा. म्हणाला, बोल.
"संपलं," म्हटलं.
तो हसेल असं वाटलं होतं. म्हणाला, "अजून किती ओव्हर रे?"
आजवर आकडा तो सांगायचा. मला सुचला नाही.
त्याने पाकीट टीव्हीखाली सरकवलं. म्हणाला, परवाची मॅच होऊ दे, मग उघडू. वहिनी आत गेली. मीही थांबलो नाही.
घरी येऊन त्याचं ते वाक्य, अजून सतरा ओव्हर आहेत, दोन-तीनदा म्हणून पाहिलं. माझ्या तोंडात बसत नाही. परवापर्यंत बसवायचं.